बॅकयार्डमधलं प्लेहाउस आणि एचओएची नोटीस : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत एचओए (घरमालकांची संस्था) असलेल्या वसाहतीत घर घेतलं, मुलांसाठी मागे लाकडी प्लेहाउस उभारलं आणि महिन्याभरात एचओएचं काम बघणाऱ्या मॅनेजमेंट कंपनीचं पत्र आलं, अशा कुटुंबांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. मापं आणि वजनं ६ बाय ८ फुटांचं, एकमजली लाकडी प्लेहाउस धरून दिली आहेत. तुमचं मोठं असेल तर त्या प्रमाणात वाढवून घ्या. प्लास्टिकचं असेल तर निम्मे प्रश्न आपोआप सुटतात, दोघांनी उचललं की झालं.

नोटीस आली आहे. प्लेहाउस लगेच हलवायला घ्यावं का?

नाही. आधी नोटिशीत कोणतं कलम लिहिलंय ते बघा. तक्रार साधारण चारपैकी एका गोष्टीची असते: जागा चुकली, उंची जास्त झाली, रंग-छप्पर घराशी जुळत नाही किंवा रस्त्यावरून दिसतं, नाहीतर आधी परवानगीच घेतली नाही. यातली पहिलीच तक्रार हलवल्याने नक्की मिटते. रस्त्यावरून दिसण्याची तक्रार कधी हलवून मिटते, कधी झुडपं लावून. उंचीची तक्रार असताना घर पाच फूट सरकवलं तर मेहनत वाया जाते आणि दुसरं पत्र येतं.

पत्रात कलमच दिलेलं नसेल, नुसतं 'अनधिकृत बांधकाम' एवढंच असेल, तर ईमेलने तीन गोष्टी विचारा: कोणत्या दस्तऐवजातलं कोणतं कलम, नेमकं काय केलं म्हणजे प्रकरण मिटेल, आणि मुदत कुठल्या तारखेपर्यंत. फोनवर विचारलेलं नंतर कुणाला आठवत नाही.

जमीन आमची, कुंपण आमचं. मग एचओए कोण सांगणार?

घर घेताना क्लोजिंगच्या, म्हणजे व्यवहार पूर्ण होण्याच्या, दिवशी सह्या केलेल्या गठ्ठ्यात एचओएची बंधनं मान्य केलेली असतात. ती काउंटीत नोंदवलेली असतात आणि जमिनीबरोबर चालतात. मालक बदलला तरी सुटत नाहीत. 'आम्ही वाचलंच नव्हतं' हा बचाव चालत नाही. भांडायचंच असेल तर नियम कसा लावला यावर भांडा, नियम असण्यावर नको.

मुदत किती मिळते आणि फाइन किती लागतो?

हे राज्यावर आणि तुमच्या एचओएच्या कागदपत्रांवर ठरतं. टेक्सासात फाइन लावण्याआधी सर्टिफाइड मेलने नोटीस द्यावी लागते आणि ती टपालात पडल्यापासून ३० दिवसांत तुम्ही एचओएच्या बोर्डापुढे सुनावणी मागू शकता. फ्लोरिडात सुनावणीची १४ दिवस आधी सूचना लागते. तिथे फाइन दिवसाला १०० डॉलर आणि एकूण १,००० डॉलरपर्यंत असतो. कागदपत्रांत जास्त मर्यादा लिहिली असेल तर तेवढा. नॉर्थ कॅरोलायनात निर्णयानंतर पाच दिवस उलटले की उल्लंघन चालू असलेल्या प्रत्येक दिवसाला १०० डॉलरपर्यंत फाइन बसू शकतो. कॅलिफोर्नियात सुनावणीची किमान १० दिवस आधी लेखी सूचना लागते.

दिवसाच्या हिशोबाने फाइन लागणाऱ्या ठिकाणी गप्प बसणं सगळ्यात महाग पडतं. पत्र आल्यावर आठवड्याच्या आत उत्तर पाठवा: पत्र मिळालं, आम्ही परवानगीसाठी अर्ज करतोय, कामाला अमुक तारखेपर्यंत वेळ द्या. ठरलेली तारीख लिहून मागितलेली मुदतवाढ बहुतेक बोर्डं देतात. 'थोडा वेळ द्या' असं मोघम लिहिलंत तर उत्तरही मोघम येतं.

सेटबॅक आणि ईझमेंट एकच का?

नाही, आणि गाडं बहुतेक इथेच अडतं. सेटबॅक म्हणजे हद्दीपासून सोडायची जागा. ती शहर ठरवतं आणि एचओए वेगळी ठरवू शकते. ईझमेंट म्हणजे वीज, गॅस, केबल किंवा पाण्याच्या निचऱ्यासाठी राखलेला पट्टा. समजा एचओएचा मागचा सेटबॅक ५ फूट आहे आणि युटिलिटी ईझमेंट १० फूट. मग तुम्हाला १० फूटच सोडायचे आहेत. एचओएने होकार दिला तरी तो वीज कंपनीवर बंधनकारक नसतो. केबल दुरुस्तीला आलेली माणसं मधे आलेलं प्लेहाउस बाजूला काढू शकतात, आणि त्याची भरपाई सहसा मिळत नाही.

माप कुंपणापासून घेऊ नका. कुंपण हद्दीच्या आत फूटभर असू शकतं, क्वचित बाहेरही. क्लोजिंगच्या कागदांतला सर्व्हे काढा आणि कोपऱ्यातल्या लोखंडी खुणा शोधा. त्या बहुधा गवताखाली दोन-चार इंचांवर असतात, भाड्याचा मेटल डिटेक्टर अर्ध्या तासात शोधून देतो. आणि भिंतीपासून मोजायचं की छपराच्या पागोळीपासून, ते नियमात बघा. पागोळी सहा इंच पुढे असेल आणि नियम पागोळीपासून मोजत असेल, तर भिंत बरोबर बसवूनही तुम्ही सहा इंचांनी चुकलेले असता.

कोपऱ्यावरचा प्लॉट आहे. काही वेगळं?

हो. बऱ्याच ठिकाणी कोपऱ्याच्या प्लॉटला दोन दर्शनी बाजू धरतात. तुम्हाला जी 'बाजू' वाटते ती नियमाच्या भाषेत 'समोर' ठरू शकते.

अर्जात काय जोडायचं?

सर्व्हेची प्रत आणि तिच्यावर प्लेहाउसची जुनी आणि नवी जागा प्रमाणात काढलेली. नव्या जागेपासून प्रत्येक हद्दीचं अंतर फूट-इंचांत. जमिनीपासून छपराच्या टोकापर्यंतची उंची, पायाच्या ब्लॉकसकट. चारही बाजूंचे फोटो. रंगाच्या डब्यावरचं नाव आणि क्रमांक, शिंगल्सचा (छपरावरच्या पट्ट्यांचा) रंग. झुडपं लावणार असाल तर कुठली, किती आणि लावताना किती उंच. काही एचओए शेजाऱ्यांच्या सह्या मागतात. मागत नसले तरी ज्यांच्या खिडकीतून प्लेहाउस दिसतं त्यांना आधी जाऊन सांगा. तक्रार त्यांच्याकडूनच आलेली असण्याची शक्यता बरीच असते, आणि नवी जागा त्यांच्याच स्वयंपाकघरासमोर येणार असेल तर अर्जाआधीच कळलेलं बरं.

अर्ज तपासणाऱ्या कमिटीला उत्तर द्यायला ३० ते ४५ दिवस लागू शकतात. मुदतीत उत्तर आलं नाही तर काही कागदपत्रांत अर्ज मंजूर धरतात, काहींत नामंजूर. तुमच्या कागदपत्रांत काय आहे ते वाचल्याशिवाय 'मौन म्हणजे होकार' समजू नका. कॅलिफोर्नियात नकार द्यायचा तर तो लेखी आणि कारणासह द्यावा लागतो.

लेखी मंजुरी हातात येईपर्यंत जॅक लावू नका. बोर्डावरच्या ओळखीच्या माणसाने चालता चालता 'हो, चालेल' म्हटलं म्हणून हलवलेलं घर पुन्हा हलवावं लागतं.

उंची दोन फूट जास्त आहे. पाडावंच लागेल का?

बहुतेक वेळा नुसतं छप्पर बदलून भागतं. सहा फूट रुंदीच्या घराला १२ वर १२ उताराचं, म्हणजे ४५ अंशांचं छप्पर असेल तर कणा, म्हणजे छपराचं टोक, भिंतीच्या वर तीन फूट जातो. तेच छप्पर १२ वर ४ उताराचं (१२ इंच आडव्याला ४ इंच चढ) केलं तर कणा एकच फूट वर राहतो. दोन फूट तिथेच कमी झाले, आणि या उताराला साध्या शिंगल्स नेहमीच्या पद्धतीने चालतात. त्याहून सपाट केलंत तर खाली कागदाचा दुहेरी थर लागतो. १२ वर २ च्या खाली शिंगल्स वापरूच नयेत.

नव्या जागी उंचवटा असेल किंवा पायाखाली आठ इंचांचे ब्लॉक घातले तर ती उंचीही मोजली जाते, हे विसरू नका.

शहराचं परमिट लागतं का?

अनेक शहरं वापरतात त्या आंतरराष्ट्रीय निवासी बांधकाम संहितेत प्लेहाउसचं नावच घेऊन सूट दिली आहे: एकमजली, घरापासून सुटं आणि २०० चौरस फुटांपर्यंत असेल तर बांधकाम परमिट लागत नाही. कॅलिफोर्नियात ही मर्यादा १२० चौरस फूट आहे, आणि शहरं आपापले बदल करतात. आपलं ४८ चौरस फुटांचं घर यात आरामात बसतं. पण परमिट माफ म्हणजे सेटबॅक माफ नव्हे. आत वीज घेतली असेल तर तिचं परमिट वेगळं.

वजन किती असेल? चौघांनी उचलता येईल का?

६ बाय ८ चं, पाच फूट भिंतींचं, प्लायवुडची जमीन आणि शिंगल्सचं छप्पर असलेलं घर ९०० पौंडांच्या आसपास भरतं. शिंगल्स आणि जमीन मिळूनच त्यातलं निम्म्याच्या जवळ जातं. चौघांनी उचलायचं वजन हे नव्हे. त्यातून धरायला कुठे मूठ नसते, सगळे खिडकीच्या चौकटीला धरतात आणि चौकट उपसून हातात येते. भारतातून आलेल्या आजोबांनी 'मी धरतो ना एक कोपरा' म्हटलं तर त्यांना पाणसळ घेऊन लांब उभं करा, ते कामही महत्त्वाचं आहे.

पर्याय तीन. जागा सपाट आणि अंतर ५० फुटांच्या आत असेल तर रोलरवरून सरकवा. वाटेत गेट, झाड किंवा उतार असेल तर सुटं करून न्या. घर मोठं असेल किंवा वसाहतीबाहेर द्यायचं असेल तर शेड हलवणाऱ्याला बोलवा. त्याच्या यंत्राला वाट किती रुंद लागते ते आधी विचारा, कुंपणाचा एखादा आठ फुटी भाग काढावा लागू शकतो. ते कुंपण शेजाऱ्याशी सामाईक असेल तर त्याची परवानगी आलीच.

रोलरवरून सरकवायचं नेमकं कसं?

सामान: चार इंची जाड भिंतीच्या पीव्हीसी पाइपचे सात-सात फुटांचे चार तुकडे, पाऊण इंची प्लायवुडचे दोन तक्ते उभे चिरून झालेल्या चार पट्ट्या, दोन जॅक, लाकडी ठोकळ्यांचा ढीग, २ बाय ४ इंची आठ-दहा फळ्या, तीन इंची स्क्रू, जाड दोर आणि एक लांब पहार.

आधी घर रिकामं करा. घसरगुंडी, झोपाळ्याचा दांडा, व्हरांडा, जे स्क्रूने सुटतं ते सगळं काढा. मग घर धरून ठेवायला जमिनीत रुतवलेले नांगर (अँकर) शोधा. वादळी भागात चारही कोपऱ्यांना स्क्रूसारखे पिळाचे नांगर असतात आणि गवताखाली ते दिसत नाहीत. त्यांच्या कडीत लांब सळई घालून उलटे फिरवले की निघतात. एक जरी राहिला तर जॅक लावल्यावर तो कोपरा वर येत नाही, बाकीचे येतात, आणि भिंत पिरगळते.

आतून प्रत्येक भिंतीला २ बाय ४ ची तिरपी फळी मारा, पत्र्याला किंवा पातळ फळीला नाही, उभ्या खांबांना. दाराच्या उंबऱ्याशी एक आडवी फळी हवीच, कारण तिथे भिंत तुटलेली असते आणि घर सगळ्यात आधी तिथेच फाकतं.

आता उचलणं. इथे एक अडचण हमखास येते: साधा बॉटल जॅक मुळातच आठेक इंच उंच असतो आणि तळाचे वासे तर जमिनीला टेकलेले असतात. मग वाशाखाली फूटभर चौरस खड्डा करा, तळाला जाड फळीचा तुकडा ठेवा आणि त्यावर जॅक बसवा. गाडीचा कात्रीसारखा उघडणारा जॅक चारेक इंचांत मावतो, तोही चालतो. जॅक नेहमी तळाच्या वाशाखाली लावा; प्लायवुडच्या जमिनीखाली लावलात तर जॅक आत घुसून घराला भोक पडतं. एका टोकाचे दोन्ही कोपरे एकदम, दर वेळी दोनच इंच वर घ्या आणि लगेच ठोकळे सारा. मग दुसरं टोक. पाइपची बाहेरची जाडी साडेचार इंच आणि खालचं प्लायवुड पाऊण इंच, म्हणजे सहा इंच उचललं की पुरे. हात खाली घालायचा नाही, ठोकळा काठीने सारायचा.

प्लायवुडच्या दोन पट्ट्या घराखाली वाशांच्या रेषेत, दोन पुढे. प्लायवुडच्या जोडाखाली एक छोटा तुकडा सरकवा, नाहीतर रोलर (पाइपचा तुकडा) जोडावर येताच पट्टी दबते आणि घर तिथेच बसतं. तीन रोलर कायम घराखाली, चौथा पुढे. मागून सुटलेला उचलून पुढे न्यायचा. दोर तळाच्या वाशांना बांधा, भिंतीला कधीच नाही. सपाटीवर दोघांनी ढकललं तरी घर चालतं, म्हणून दुसरा दोर मागे ब्रेकसारखा धरायला एक माणूस हवाच. ताणलेल्या दोराच्या रेषेत कुणी उभं राहू नये. रोलर तिरका झाला तर थांबा, घर थोडं उचला आणि हातोड्याने ठोकून सरळ करा. तसंच ढकललंत तर घर त्याच बाजूला वळत जातं.

दिवस कसा निवडावा?

पाऊस पडून दोन-तीन कोरडे दिवस गेलेले असावेत. चिखलात प्लायवुड रुततं. उन्हाळ्याच्या शेवटी जमिनीखाली पिवळ्या गांधीलमाश्यांची पोळी असतात आणि प्लेहाउसचा तळ त्यांना फार आवडतो. आदल्या दिवशी दुपारी पंधरा मिनिटं लांब बसून बघा: एकाच फटीतून माश्या जा-ये करत असतील तर आधी पोळ्याचा बंदोबस्त, मग जॅक. टेक्सासात लाल मुंग्या आणि काळ्या विषारी कोळ्यासाठी जाड हातमोजे घाला.

सुटं करून न्यायचं असेल तर?

जोडलं त्याच्या उलट क्रमाने: छप्पर, भिंती, जमीन. प्रत्येक भागावर रंगाऱ्याची निळी टेप लावून क्रमांक लिहा, जोडाच्या दोन्ही बाजूंना तोच. फोटो काढा. कोपऱ्यांत सीलंट भरलेलं असेल तर आधी सुरीने चिरा. तसं न करता कटावणी घातली की फळीचा काठ सोलून निघतो. स्क्रूच्या जागी खिळे असतील तर ओढत बसू नका, फटीतून धातू कापायचं पातं घालून कापा. छपराच्या कण्यावरची शिंगल्सची टोपी काढली की दोन उतार दोन पाखांसारखे वेगळे निघतात. ती टोपी पुन्हा वापरता येत नाही, नवी आणून ठेवा.

नव्या जागी पाया कसा करावा?

खणण्याआधी ८११ ला फोन करा किंवा ऑनलाइन विनंती टाका. सेवा फुकट आहे. दोन-तीन कामाचे दिवस आधी कळवावं लागतं. ते येऊन जमिनीखालच्या लाइनींच्या जागी रंगाने खुणा करतात: लाल वीज, पिवळा गॅस, नारिंगी केबल, निळा पिण्याचं पाणी, हिरवा सांडपाणी. मीटरच्या पुढची तुमची खासगी लाइन मात्र ते दाखवत नाहीत, म्हणजे स्प्रिंकलरचे पाइप आणि बार्बेक्यूची गॅसलाइन तुम्हालाच शोधायची.

सगळ्या बाजूंनी फूटभर जास्त, म्हणजे ८ बाय १० फूट जागेतलं गवत काढून चार इंच खोल करा. खाली जिओटेक्स्टाइल कापड, वर पाऊण इंची फुटकी खडी. गोल गोटे नकोत, ते दबत नाहीत, सरकत राहतात. चार इंच थराला एक घनयार्ड खडी लागते. अर्ध्या घनफुटाच्या पिशव्या घेतल्यात तर ५४ पिशव्या होतात, त्यापेक्षा सुटी मागवा. दोन थरांत घाला आणि प्रत्येक थर धुम्मसने ठोका. वर चार इंची भरीव काँक्रीटचे सहा ब्लॉक, तीन-तीनच्या दोन रांगांत, वाशांखाली. आठ फुटी सरळ फळीवर पाणसळ ठेवून लेव्हल बघा.

घर बसवल्यावर दोन्ही कर्ण मोजा. ६ बाय ८ चा कर्ण बरोबर १० फूट येतो. एक १० फूट १ इंच आणि दुसरा ९ फूट ११ इंच आला तर घर गुण्यात (काटकोनात) नाही; लांब कर्णाचा कोपरा पहारेने थोडा आत सरकवा आणि कर्ण जुळल्यावरच आतल्या तिरप्या फळ्या काढा.

दोन घरांच्या मधल्या पाणी वाहून जाण्याच्या खोलगट पट्ट्यात, सेप्टिक टाकीचं पाणी जिरतं त्या जागेवर आणि मोठ्या झाडाच्या मुळांवर पाया नको. झोपाळा किंवा घसरगुंडी असेल तर भोवती सहा फूट मोकळी जागा आणि खाली नऊ इंच लाकडी चुरा ठेवा. झोपाळ्याला पुढे-मागे त्याच्या दांड्याच्या उंचीच्या दुप्पट जागा लागते.

शेजाऱ्याकडेही असंच आहे, त्याला काही म्हणत नाहीत. हे चालतं का?

मुद्दा ग्राह्य आहे, पण पुरावा लागतो: फोटो, तारखा आणि त्याला खरोखर परवानगी नव्हती याची खात्री. एचओएकडे नोंदी मागण्याचा हक्क तुम्हाला आहे. अनेकदा निघतं की त्याने रीतसर मंजुरी घेतली होती. हा मुद्दा सुनावणीत मांडा, वसाहतीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर नको.

मुलाला अपंगत्व आहे आणि प्लेहाउस थेरपीसाठी वापरतो.

मग हा वेगळाच अर्ज आहे. संघीय फेअर हाउसिंग कायद्यात १९८८ च्या दुरुस्तीने अपंगत्व आणि घरात मुलं असणं या दोन्ही कारणांवरून होणाऱ्या भेदभावाला मनाई झाली. 'वाजवी सवलत' हे शब्द वापरून लेखी मागणी करा, सोबत डॉक्टर किंवा थेरपिस्टचं पत्र: प्लेहाउस का लागतं आणि सध्याच्या जागीच का लागतं. निदानाचा सगळा तपशील देण्याची गरज नाही, गरज आणि घर यांचा संबंध दिसला पाहिजे. नकार मिळाला तर संघीय गृहनिर्माण खात्याकडे एका वर्षाच्या आत तक्रार करता येते.

आम्ही भाड्याने राहतो.

पत्र मालकाला जातं, फाइनही त्यालाच, आणि तो तुमच्या डिपॉझिटकडे बघतो. अर्जही मालकाच्या सहीने करावा लागतो. उभारण्याआधीच त्याचा होकार ईमेलवर घ्या.

जुनं, हातबदल होऊन आलेलं प्लेहाउस आहे. काही धोका?

२००३ च्या अखेरपर्यंत घरगुती वापराच्या प्रक्रिया केलेल्या लाकडात आर्सेनिक असे. त्या काळातलं हिरवट लाकूड असेल तर ते तासू नका, घासू नका आणि तुकडे जाळू तर मुळीच नका. राखेत आर्सेनिक राहतं. हलवण्याऐवजी टाकून देण्याचा विचार या घराच्या बाबतीत योग्य आहे.

हलवून झालं. आता?

मापाची टेप दिसेल अशा रीतीने प्रत्येक हद्दीपासूनच्या अंतराचे फोटो काढा, मॅनेजमेंट कंपनीला पाठवा आणि 'प्रकरण बंद' असं लेखी मागा. न मागता सहसा कुणी पाठवत नाही. घर विकताना एचओएकडून जो दाखला निघतो त्यात उघडं राहिलेलं उल्लंघन दिसतं आणि क्लोजिंगच्या आठवड्यात त्यावरून धावपळ होते.

जुन्या जागेवर पिवळी, दबलेली जमीन राहील. बागेच्या काट्याने चार इंच मोकळी करा, अर्धा इंच कंपोस्ट मिसळा. बर्म्युडा गवत असेल तर उन्हाळ्यात तयार पट्टे लावा, फेस्क्यू असेल तर सप्टेंबरमध्ये बी टाका. तोवर ती जागा पेंढ्याने झाकून ठेवा, कारण उघडी माती हेही बऱ्याच एचओएंच्या यादीतलं वेगळं उल्लंघन असतं.